गाडी थांबते तें गांव

संस्कृतांतील 'तॄ' या धातूचा अर्थ पार होणें. त्यापासून 'तीर्थ' हा शब्द झाला. तीर्थ म्हणजे मुळांत देवस्थान नव्हे. नदी जेथें उतरून पलीकडे जातां येते ती जागा. प्रवासी तेथें थांबत. ते थांबत म्हणून बाजार भरे, आणि बाजारापाठोपाठ धर्मशाळा नि देऊळ उभें राही. 'स्थानक' हा शब्द 'स्था' धातूचा. त्याचा अर्थ उभें राहणें, थांबणें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून जी पहिली प्रवासी आगगाडी सुटली, ती २१ मैलांवरील ठाण्यास गेली. आणि ठाण्याचें शिलाहारकालीन नांव 'श्रीस्थानक' असेंच होतें. हा केवळ योगायोग खरा, पण मननीय आहे. गांवावरून वाट जाणें ही एक गोष्ट आणि गांवांत वाटसरू थांबणें ही दुसरी. गांवाचें दैव या दुसऱ्या गोष्टीनें ठरतें. आमच्या पालघर, बोईसर नि तारापूर या टापूचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास हेंच सांगतो.

आगगाडीपूर्वीं या किनाऱ्यावरील नांवाजलेलीं गांवें कोणतीं? तारापूर, चिंचणी, डहाणू, केळवें, माहीम. सारीं समुद्रालगतचीं किंवा खाडीच्या मुखावरचीं. भात, लांकूड, मीठ, मासळी यांची ने-आण गलबतांतून आणि मचव्यांतून होई. खाडी हाच राजरस्ता होता, म्हणूनच तिच्या मुखावर किल्ले बांधले गेले. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या फौजेनें तारापूरचा किल्ला पोर्तुगीजांपासून घेतला व त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. ज्याच्या हातीं बंदर त्याच्या हातीं मुलूख, असा तो काळ होता. त्या काळीं पालघर किंवा बोईसर हीं नांवें इतिहासाच्या बखरींत शोधण्याचें कोणास कारण नव्हतें.

१८५५ सालीं 'बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे' ही कंपनी स्थापन झाली. गुजराथचा कापूस मुंबई बंदरास आणावा हा तिचा मुख्य हेतु. उत्तर कोंकणची सोय हा नव्हे. तिचा पहिला टप्पा अंकलेश्वर ते उत्राण हा १० फेब्रुवारी १८६० रोजीं सुरू झाला आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजीं तिची गाडी मुंबईस ग्रँट रोडपर्यंत आली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेव्हां हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला होता. कापसाच्या गांठींना तारापूरचें बंदर पाहावयाचें नव्हतें. त्यांना मुंबई लवकर गांठावयाची होती. शिवाय खाड्या मुखाशीं रुंद नि दलदलीच्या, आंत गेल्यावर अरुंद. तेव्हां रूळ किनारा सोडून आंतल्या बाजूनें, समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या सपाटींतून गेले. वैतरणा आणि वसईची खाडी या मात्र टाळतां येण्याजोग्या नव्हत्या. तेथें जमिनींत पेंचाप्रमाणें फिरवून बसविलेल्या लोखंडी खांबांवर पूल उभारले.

वर्गांत शिकवितांना आम्ही मुलांना विचारीत असूं, "केळवे रोड, डहाणू रोड, उंबरगांव रोड या स्टेशनांच्या नांवांत 'रोड' कशाला?" मुलें म्हणत, "तेथें रस्ता आहे म्हणून." उत्तर चुकीचें नाहीं, पण तो रस्ता गांवाकडे नेणारा आहे, याचाच अर्थ गांव तेथें नाहीं. गांव राहिलें समुद्राकांठीं आणि त्याचें नांव तेवढें रुळावर गेलें. मधल्या अंतरांत पूर्वीं बैलगाडी नि टांगा चाले, आतां रिक्षा चालते. पण तें अंतर प्रवाशाला रोजच तोडावें लागतें.

याच्या उलट पालघर आणि बोईसर. यांच्या दारांतच गाडी उभी राहिली. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तालुक्याचें नांव 'माहीम' असें आहे. पुढें तेंच 'पालघर' झालें. कचेरी स्टेशनाजवळ आली आणि तिच्यापाठोपाठ वकील, शाळा, दवाखाने आले. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं किनाऱ्यावरील गांवांतून लोक मोर्चा घेऊन निघाले ते याच पालघरच्या कचेरीवर, आणि तेथें गोळीबारांत पांच जण हुतात्मे झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा जिल्हा झाला, त्याचेंही मुख्य ठिकाण पालघर. बोईसरची गोष्ट आणखी बोलकी आहे. अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, त्याचें नांव तारापूर. शेजारच्या औद्योगिक वसाहतीचें नांवही तारापूर. परंतु कामगार गाडींतून उतरतो बोईसरला, खोली घेतो बोईसरला, भाजी घेतो बोईसरला. नांव बंदराचें राहिलें आणि वस्ती स्थानकाची वाढली.

पण नुसतें स्टेशन असून भागत नाहीं; गाडी किती वेळां थांबते हेंही पाहावें लागतें. विरारहून मुंबईस रोजची गाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं सुरू झाली. तेच रूळ पुढें डहाणूकडे जात होते. तरी मुंबईची लोकल डहाणू रोडला पोंचली १६ एप्रिल २०१३ रोजीं, म्हणजे १४६ वर्षांनीं! मधल्या काळांत बी. बी. सी. आय. जाऊन ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं पश्चिम रेल्वे झाली. विजेची गाडी १९२८ सालीं बोरीवलीस व १९३६ सालीं विरारला आली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. विरारच्या उत्तरेस पुढें वीज आली ती २५ हजार व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाची. दक्षिणेकडचा मार्गही नव्या पद्धतीचा झाला तो २०१२ सालीं. तोंपर्यंत आमच्याकडील नोकरदार आणि विद्यार्थी यांचा भरंवसा शटल आणि लांबच्या पल्ल्याच्या मोजक्या गाड्या यांवरच. विरारला उतरा, दुसरी गाडी पकडा. ती चुकली कीं घरीं आई कंदील लावून बसलेली. विजेच्या दोन पद्धतींमधली ही तफावत कित्येक घरांतल्या मुलींचें कॉलेज ठरवून गेली, हें कोणत्याही अहवालांत सांपडणार नाहीं.

आज पुन्हां आमच्या भागावरून नव्या रेघा ओढल्या जात आहेत. विरार ते डहाणू या सुमारें ६४ किलोमीटरांत आणखी दोन रूळ मंजूर झाले आहेत. जवाहरलाल नेहरू बंदर ते दादरी हा सुमारें दीड हजार किलोमीटरांचा केवळ मालगाड्यांचा मार्ग या जिल्ह्यांतून जातो. ५०८ किलोमीटरांच्या मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचें एक स्थानक बोईसरला योजलें आहे. आणि डहाणूजवळ वाढवण येथें सुमारें ७६ हजार कोटींच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. १८६४ सालीं रुळांनीं बंदरांचें महत्त्व हिरावून घेतलें. १६० वर्षांनीं बंदर पुन्हां त्याच किनाऱ्यावर येऊं पाहत आहे. मासेमारीच्या जागा जातील या भीतीनें किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा त्याला विरोध आहे. रुळांसाठीं जमीन द्यावी लागलेल्या वारली शेतकऱ्यांचें दुःखही याच जातीचें. त्यांच्या शेतांतून गाडी जाईल. पण त्यांच्यासाठीं ती थांबेल काय?

आगगाडीला आमचा विरोध नाहीं. तिनें केळव्या-माहीमचें पान आणि घोलवडचे चिकू दूरच्या बाजारांत पोंचविले, आणि सातपाटीची मासळी मुंबईच्या ताटांत घातली. परंतु पहिल्या वेळीं मार्ग आंखला गेला तेव्हां तारापूरला कोणी विचारलें नव्हतें. आतां जनसुनावण्या होतात. तेथें आपल्या घरांतील सुशिक्षित मंडळींनीं जावें आणि तीनच प्रश्न विचारावे: गाडी येथें थांबेल काय? दिवसांतून किती वेळां? आणि स्थानकापासून गांवापर्यंतचें अंतर कसें तोडावयाचें? घरांतील मुलांनाही नकाशा उघडून द्यावा आणि सांगावें कीं रेघ लांब दिसली म्हणून भुलूं नका, तिच्यावरचे ठिपके मोजा.