अरुंद धमनी आणि संगणकाचा आकडा

‘ब्लॉकेज पन्नास टक्के’ असे ऐकले की घरचे हादरतात. मात्र या आकड्यावरून सगळे कळत नाही. धमनीचा व्यास निम्मा झाला की आतली जागा पाऊण हिश्शाने घटते. तेवढेच रक्त तिथून जायचे तर त्याचा वेग चौपट होतो. अडथळा ओलांडला की प्रवाहात भोवरे उठतात. मानेच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर कधी कधी ऐकू येणारी सूं-सूं ही त्यांचीच. या भोवऱ्यांत रक्ताचा दाब खर्ची पडतो. म्हणून पलीकडे दाब किती उरला, हा खरा प्रश्न असतो.

हृदयाच्या धमनीत बारीक तार घालून तो मोजता येतो. अडथळ्यापलीकडचा दाब भागिले महाधमनीतला दाब म्हणजे ‘एफएफआर’. तो ०.८० किंवा त्याहून कमी असल्यास स्टेंटचा विचार होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ अभ्यासात १,००५ रुग्ण होते. केवळ अँजिओग्राफी पाहून स्टेंट घातलेल्यांपैकी १८.३ टक्के रुग्णांना वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा उपचार यांना सामोरे जावे लागले. तारेने दाब मोजून निर्णय घेतलेल्यांत हे प्रमाण १३.२ टक्के होते, तेही कमी स्टेंट वापरून.

आता सीटी स्कॅनवरून संगणकही हा आकडा काढतो. तार घालावी लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण भोवऱ्यांचे गणित अवघड आहे. ‘के-एप्सिलॉन’ हे प्रारूप कारखान्यांतल्या पूर्ण खळाळत्या प्रवाहांना मानवते. धमनीतले रक्त ठोक्यागणिक कमी-जास्त वाहते; बहुतेक संथ, अडथळ्यापुढे तेवढे विस्कटलेले. तिथे हे प्रारूप खळबळ वाजवीपेक्षा जास्त दाखवू शकते. ‘के-ओमेगा’ भिंतीलगतचा प्रवाह अधिक चांगला हाताळते. मोठे भोवरे थेट मोजणारी ‘लार्ज एडी’ पद्धत आणखी विश्वासार्ह, पण तिला संगणकाचा वेळ फार लागतो. भोवरे मुळीच न धरणारे सोपे गणितही असते. तीव्र अडथळ्यात ते अपुरे पडू शकते.

आकडा ०.९२ असेल तर या फरकांनी सहसा काही बिघडत नाही. तो ०.७९ असेल तर मात्र स्टेंट घालायचा की नाही, हेच बदलू शकते. म्हणून अहवालात आकड्याबरोबर गणिताची पद्धत आणि संभाव्य चूक छापलीच पाहिजे. यंत्रणा विकत घेणाऱ्या रुग्णालयांनीही ती मागावी. आणि आकडा उंबरठ्यावर असेल, तर संगणकावर न विसंबता तारेनेच दाब मोजावा.