तुटलेल्या बोल्टाची मजुरी

मोटारीच्या एंजिनातील जो बोल्ट पान्ह्याच्या एका हिसक्यासरशी मोडतो आणि डोके तेवढे हातात देऊन उरलेला देह सिलिंडर हेडमध्ये ठेवून जातो, तो बाहेर काढण्याइतके कसोटीचे आणि तितकेच उपेक्षित काम गॅरेजात दुसरे क्वचितच असेल. आणि या कामाची मजुरी आपण ज्या रीतीने ठरवतो, किंबहुना ठरवीतच नाही, ती रीत कारागिरावर अन्याय करणारी तर आहेच, पण अखेरीस मोटारमालकाच्याही मुळावर येणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोल्ट मोडला की मेकॅनिकच्या आडदांडपणाला बोल लावण्याची आपली सवय आहे. परंतु जळालेले वायू सायलेन्सरकडे नेणारा मॅनिफोल्ड रोज शेकडो अंशांपर्यंत तापतो आणि निवतो, त्या प्रसरण-आकुंचनाची ओढ टोकांच्या बोल्टांना सर्वाधिक सोसावी लागते, आणि म्हणून बहुधा तेच आधी मोडतात. त्यातच हेड ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादाचा असला, तर सारख्याच उष्णतेने एक धातू दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, फटीत ओलावा शिरून क्षरण सुरू होते, आणि काही वर्षांनी आटे परस्परांत पुरते जखडून जातात.

जाणता मिस्त्री हत्यार उचलण्यापूर्वी बोल्ट मोडला कशाने, याचा शोध घेतो. फाजील आवळल्याने मोडला असेल, तर डोके तुटताक्षणी त्यावरचा ताण नाहीसा झालेला असतो आणि आतला तुकडा पुष्कळदा पंचाच्या हलक्या तिरप्या ठोक्यांनीही उलटा फिरू लागतो. परंतु सोडविताना मोडला असेल, तर गंजाची पकड जशीच्या तशी शाबूत असते आणि तेथे बळ निरुपयोगी ठरते. तेथे गंज सोडविणारे तेल घालून रात्रभर थांबावे लागते. तुकडा किंचित वर असेल, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. त्याने पान्ह्याला धरावयास जागा मिळते हे खरेच, पण तुकडा लाल होऊन निवताना गंजाची पकड ढिली पडते, हा त्याहून मोठा लाभ. तुकडा पृष्ठभागाच्या आत मोडला असेल, तर मात्र बरोबर मध्यावर खूण करून ड्रिल चालवावे लागते. ८ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे ६.८ मिलिमीटरच्या भोकात पाडलेले असतात, म्हणजे प्रत्येक बाजूस आट्यांच्या वाट्याला अवघा ०.६ मिलिमीटर येतो. ड्रिल तेवढे जरी सरकले तरी मऊ ॲल्युमिनियम कापले जाऊन हेडचे आटे गेलेच म्हणावयाचे. त्या भोकात बसवून तुकडा उलटा फिरविणारा एक्स्ट्रॅक्टर घाईने पिळल्याने आतच मोडला, तर प्रसंग अधिकच बिकट होतो, कारण त्याच्या कठीण पोलादावर साधे ड्रिल चालत नाही. मग हेड उतरवून, साचे घडविणाऱ्या कारखान्यांत असते त्या ठिणग्यांनी धातू झिजविणाऱ्या यंत्राचा आश्रय घ्यावा लागतो.

इतका विवेक आणि इतका वेळ ज्या कामाला लागतो, त्याला बिलात स्वतंत्र रकाना नसतो. सुट्या भागांची किंमत आपण बिनतक्रार चुकती करतो; मात्र चार पैशांच्या बोल्टासाठी दिवसाची मजुरी मागितली, की आपल्याला ती लूट वाटते. परिणामी कारागीर थांबत नाही, तेल मुरू देत नाही, जोर लावतो, आणि वाचू शकणारे हेड बाद होते.

मोडले त्यानेच आणि पैसे मात्र आम्ही द्यावयाचे, हा मोटारमालकाचा आक्षेप गैरवाजवी नाही. म्हणूनच जुन्या गाडीचे काम हाती घेतानाच बोल्ट मोडण्याचा संभव मालकाला सांगावा, मोडलाच तर पुढचे काम थांबवून तो दाखवावा, आणि गंजाने मोडला असल्यास तासांच्या हिशेबाने मजुरी मालकाने द्यावी. नवा बोल्ट टॉर्क पान्ह्याशिवाय आवळून मोडला असल्यास ती जबाबदारी गॅरेजने निमूटपणे पत्करावी. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या कामाची परीक्षा नव्या, तेल लावलेल्या तुकड्यावर न घेता भंगारातून आणलेल्या, खरोखर गंजलेल्या हेडवर घ्यावी, आणि तीही दोन दिवसांची ठेवावी, म्हणजे तेल मुरण्यासाठी थांबणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण वेळ संपला म्हणून कापले जाणार नाहीत.