न्याहारी आणि तारीख

कुठल्याही सोहळ्याच्या बातमीत मी आधी जेवणाचं काय होतं ते शोधतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यात हाती आला तो लंडनच्या न्यायाधीशांचा फोटो. लांब विग, झगे, घट्ट मोजे, आणि सगळे वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारात.

माहिती थोडक्यात. इंग्लंडचं न्यायालयीन वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू होतं आणि त्या दिवशी ॲबीत न्यायाधीशांची प्रार्थना असते. रीत मध्ययुगातली. वॉशिंग्टनलाही सुप्रीम कोर्ट ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी बसतं, त्याच्या आदल्या दिवशी सेंट मॅथ्यूज कॅथीड्रलमध्ये ‘रेड मास’ ही न्यायाधीश-वकिलांसाठीची मिस्सा होते.

आता न्याहारी. जुन्या काळी मिस्साआधी न्यायाधीशांना उपास असे, म्हणून नंतर लॉर्ड चॅन्सेलर खाऊ घालत. उपास सुटला, न्याहारी राहिली. टेंपल या वकिलांच्या वस्तीपासून ॲबीपर्यंत पायी यायचे, तिथे आता गाड्या येतात. धर्मातलं पायाला आणि पोटाला जड ते गळालं. अर्थात एकादशीला साबुदाण्याची दुसरी वाटी मागणाऱ्यांनी हसू नये.

माझी कुरकुर वेगळीच आहे. या प्रार्थनांत न्यायाधीशांसाठी मागतात काय? ज्ञान, विवेक, निःपक्षपातीपणा. छान. पण कोर्टाच्या व्हरांड्यात पट्टेवाल्याच्या पुकाऱ्याकडे कान लावून बसलेल्याला विचारा. साहेब रजेवर, समोरच्या वकिलाचा मुदतीचा अर्ज, घ्या पुढची तारीख!

लूकच्या शुभवर्तमानात १८व्या अध्यायातल्या न्यायाधीशाला यातलं एकही वरदान नव्हतं. तो देवाला भीत नव्हता, माणसाला जुमानत नव्हता. तरी त्याच्याकडे दाद मागणाऱ्या विधवेला न्याय मिळाला, कारण तिनं पिच्छा सोडला नाही. कटकट मिटावी म्हणून त्यानं निकाल दिला.

पिच्छा पुरवायला आयुष्य मात्र पुरावं लागतं. एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेल्या वृद्ध जेझुइट फादर स्टॅन स्वामींचे हात कंपवातानं थरथरत. तळोजा तुरुंगातून त्यांनी पाण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तर तपास यंत्रणेला, एनआयएला, उत्तरासाठी २० दिवस मिळाले. त्यांना इस्पितळात हलवायचा आदेश उच्च न्यायालयानंच दिला होता, तेव्हा विवेक नव्हता असं कोण म्हणेल? ५ जुलै २०२१ला त्याच न्यायालयात त्यांच्या जामिनावर सुनावणी होती. त्या दुपारी डॉक्टरांनी कोर्टाला सांगितलं, फादर गेले.

तेव्हा चर्चमध्ये न्यायाधीशांसाठी हात जोडणाऱ्या वाचकांना विनंती: ज्ञान मागून झालं की तारीखही मागा. जवळची.