समुद्राची रब्बी

विरारच्या फुलपाड्यात बोंबील-जवळा काही नवा नाही. बोंबील जवळा खातो. पण जवळ्याचे पोट कशावर भरते? समुद्रातही गवत असते! डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या तरंगत्या वनस्पतींना वनस्पती प्लवक म्हणतात. जवळा त्यांच्यावर आणि त्यांना खाणाऱ्या बारीक जीवांवर पोसतो.

या गवतालाही ऊन आणि खत लागते. ऊन वर, खत मात्र खोल पाण्यात. कारण मेलेले सारे खाली जाते. नॉर्वेकडच्या थंड समुद्रात हिवाळी वादळे पाणी ढवळून ते खत वर काढतात. नांगरटच म्हणा ना! वसंतात ऊन पडले की पाणी हिरवे होते. त्यावर बारीक जीव वाढतात आणि त्यांच्यावर हेरिंग मासे.

आपला अरबी समुद्र दोन पिके घेतो. एक पावसाळ्यात, दुसरे थंडीत. थंडीत उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, वरचे पाणी गार व जड होऊन खाली बसते, आणि खालचे खत वर येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी हे १९९६ साली मांडले.

पण २००० नंतर या रब्बीत नॉक्टिल्युका नावाचे तण माजू लागले. तसे ते अर्धे जनावरच. पोटात हिरवी वनस्पती बाळगते. मासे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, जेलीफिशचे मात्र फावते. किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा आपण कौतुकाने बघायला जातो ना? ती चमक बहुधा याच नॉक्टिल्युकाची.