ठासणीची बंदूक, कमरेचं रिव्हॉल्व्हर आणि आपला शेतकरी

परवा गोळेगावला, लेण्याद्रीच्या पायथ्याशी आमच्या घराच्या ओट्यावर बसून एका ना-हरकत पत्रावर सही केली. वडिलांच्या नावावरची ठासणीची बंदूक धाकट्या भावाच्या नावावर व्हायला माझी हरकत नाही, एवढाच मजकूर. सही करताना हात थोडा अडखळला. खरं सांगतो, ती बंदूक मला हवी होती.

का हवी होती, ते आधी सांगतो. मग मुद्द्याचं बोलू.

अण्णांकडे (वडिलांना आम्ही अण्णाच म्हणायचो) पीक संरक्षणाचा परवाना होता. मी सातवी-आठवीत असेन. भुईमूग काढणीला आला की रात्री त्यांच्याबरोबर माळ्यावर झोपायला जायचो. बंदूक भरणं हा एक सोहळाच असायचा. नळी उभी धरायची. मापाने दारू आत सोडायची, वर चिंध्यांचा बोळा, मग गजाने ठासायचं. म्हणून ती ठासणीची. शेवटी मागे निपलवर तांब्याची टोपी बसवायची. छर्रे अण्णा क्वचितच भरत. नुसत्या दारूचा बार आकाशाकडे काढायचे. आधी टोपीचा टिचकीसारखा आवाज, मग धडाड, आणि मग पांढऱ्या धुराचा एवढा लोट की समोरचं काही दिसायचं नाही. गंधकाचा वास सकाळपर्यंत कपड्यांना. डुकरांचा कळप मात्र त्या रात्री परत फिरकायचा नाही.

दहावीनंतर एकदा त्यांनी माझ्या हातात दिली. खांद्याला बसलेल्या धक्क्यापेक्षा त्यांचं बोलणं जास्त लक्षात राहिलं. "बार नाही झाला तर लगेच तोंडाशी बघायला जायचं नाही. नळी मातीकडे धरून गप उभं राहायचं. दारू कधी कधी उशिरा पेटते." दुसऱ्या दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन तेल लावायचं कामही माझ्याकडे आलं. काळ्या दारूची राख ओल धरते, एक दिवस जरी तशीच राहिली तरी नळी गंजते.

तर ही आठवण. अण्णा गेले, बंदूक रीतीप्रमाणे जमा झाली, आणि माझ्या मनात आलं की आपण ती आपल्या नावावर करून घ्यावी, जुन्नरच्या घरात भिंतीवर लावावी. भावाने एकाच वाक्यात जमिनीवर आणलं. "दादा, तू भिंत राखणार का पीक?"

बरोबर आहे त्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ वाचा. त्यात प्रामाणिकपणे पीक संरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आपला शेतकरी होता. आणि त्यामागे इतिहास आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात इंग्रजांनी शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. त्याच दशकात आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात होन्या केंगले सावकार आणि सरकारविरुद्ध उभा राहिला होता, आणि १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. सरकारला भीती कुणाची होती, हे वेगळं सांगायला नको. स्वतंत्र भारताने नवा कायदा करताना निदान पिकाच्या राखणीपुरता शेतकऱ्यावर विश्वास टाकला.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक वारला की वारसाला परवाना मागता येतो. इतकंच काय, धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं जवळ असलं, तर हयातीतही वारसाच्या नावावर करायची सोय आहे. बाकीच्या वारसांची संमती, पोलिसांचा अहवाल, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण, हे सगळं लागतं आणि लागलंच पाहिजे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की भाऊ एका कार्यालयात चौथ्यांदा गेला तेव्हा त्याला कुणी हो म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही. "फाईल पुढे गेलीय" एवढंच. पुढे म्हणजे कुठे, हे विचारायची त्याची हिंमत होत नाही. मी पत्रकार असून माझीही फार होत नाही, कारण विचारलं की "तुमचंच काम आहे का?" असं ऐकावं लागतं.

आणि दुसऱ्या बाजूला लग्नाच्या वरातीत कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरणारे आपण सगळेच ओळखतो. त्यांना कुठल्या पिकाचं संरक्षण करायचं असतं? माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे परवाना ही गरजेपेक्षा वजनाची गोष्ट झालीय. ज्याचं वजन त्याची फाईल हलते. ठासणीच्या बंदुकीत प्रतिष्ठा नाही, त्यामुळे तिच्यासाठी फोन करणाराही कुणी नाही.

आता इथे काही मित्र म्हणतील, मग द्या ना सरसकट बंदुका, बिबट्याचा प्रश्नच मिटेल. थांबा. हे मला मान्य नाही.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन आठवड्यांत तीन जीव घेतले. त्यात दोन लेकरं होती. त्या दिवसांत आपल्या ग्रुपांवर "शेतकऱ्याला बंदूक द्या" हे किती वेळा फिरलं, आठवतंय ना? राग खरा होता, माझाही होता. पण ज्याने ठासणीची बंदूक एकदा तरी भरलीय त्याला विचारा. एक बार झाला की दुसरा भरायला अंधारात, थरथरत्या हाताने किती वेळ लागेल? टोपी दमट असेल तर पहिलाही होणार नाही. छर्ऱ्यांनी जखमी झालेला बिबट्या उसात शिरला, तर सकाळी त्या उसात तोडणीला कोण जाणार? आपलीच माणसं. शिवाय बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जीव वाचवताना सद्भावनेने झालेला वार कायदा गुन्हा मानत नाही, पण शोधून मारायचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आदेशाशिवाय कुणालाच नाही. बिबट्याचं उत्तर पिंजरा, दिवसा थ्री-फेज वीज, वस्तीजवळच्या गोठ्यांना जाळी, माणिकडोहच्या निवारा केंद्राची वाढीव क्षमता, हेच आहे. बंदूक नाही.

पण डुकराचं काय? आणि हाच माझा खरा मुद्दा आहे. रानडुक्कर एका रात्रीत अर्धा एकर भुईमूग उकरतं. त्याला मारायला वनखात्याची परवानगी लागते, आणि बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून. दोन खाती, दोन कागद, दोन हेलपाटे. एक मिळाला तर दुसरा नाही. मग माणूस काय करतो? कुंपणात वीज सोडतो. गावठी बॉम्ब पेरतो. त्या तारेला डुक्कर चिकटतं तसा पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारीही चिकटतो. अशा बातम्या मी स्वतः लिहिल्यात. प्रत्येक बातमीत शेवटची ओळ तीच, "गुन्हा दाखल करण्यात आला." कायद्याने दिलेलं, नोंद असलेलं, मोठा आवाज करणारं साधन कपाटात अडकवून ठेवायचं आणि न दिसणारी, न ऐकू येणारी तार शेतात येऊ द्यायची, ह्यात सुरक्षितता कुठली?

निवडणुकीचंही तेच. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भात काढणीचे दिवस, आणि नेमक्या त्याच दिवसांत बंदुका जमा करायचे आदेश. कोकणातले शेतकरी पीक संरक्षणाच्या बंदुकांना सूट मागत आलेत. आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या भातवाल्यांनी तोंड तरी उघडलं का? एका बाराला एवढा वेळ घेणारी, पुरुषभर लांब बंदूक घेऊन कोण मतदान केंद्र बळकावणार आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

एक गंमत सांगतो. पुण्यात आयटीत असलेल्या एका पोराने विचारलं, "काका, इटलीत अगदी जुन्यासारख्या ठासणीच्या बंदुका नव्याने बनवतात, अमेरिकेत म्हणे घरपोच येतात. आपल्याकडे मागवू का? शिवजयंतीला शिवनेरीवर बार काढू." खरं आहे, अमेरिकेचा केंद्रीय कायदा अशा नकलांना बहुतेक वेळा बंदूकच मानत नाही. आपला कायदा मात्र वस्तू नवी की जुनी हे बघत नाही, तिच्यातून बार होतो का हे बघतो. दुरुस्त करूनही न चालणाऱ्या पुराणवस्तूला सूट, चालणारीला परवाना. आणि हे योग्यच आहे. हौसेसाठी बंदुका सैल कराव्यात असं मी म्हणत नाही. त्या पोराला सांगितलं, लाकडाची करून घे, मिरवणुकीत तीच शोभेल.

माझ्या मागण्या तीनच आहेत. पीक संरक्षणाच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. नाही म्हणायचं तर कारणासह नाही म्हणा. वनखातं आणि महसूल, दोघांचा कागद एकाच खिडकीवर आणा. आणि निवडणुकीत जमा करायचीच तर गुन्हे दाखल असलेल्यांची आधी करा, राखणदाराची शेवटी.

आणि आपल्यासाठीही एक. ज्यांच्या घरात अशी बंदूक नुसती शोभेला किंवा तोऱ्यासाठी आहे, त्यांनी ती खरंच शेत राखणाऱ्या वारसाच्या नावावर करावी, नाहीतर सरळ परत करावी. मी सही केलीय. भाऊ रोज रात्री माळ्यावर जातो, तूर्त पत्र्याचा डबा बडवत. आई जेवताना विचारते, "आली का रे अण्णांची बंदूक?"

उत्तर आलं की इथेच लिहीन. तोवर तुमच्या गावात अशा किती फाईली पडून आहेत, ते खाली सांगा. नुसतं "सहमत" लिहू नका, अर्ज कधी दिला ती तारीख लिहा. तारखा जमल्या की बातमी करायची जबाबदारी माझी.