संततिनियमनाची सोय गावच्या आरोग्य केंद्रातच हवी

मूल केव्हा व्हावे आणि किती व्हावीत, हा प्रश्न ज्या स्त्रीच्या देहाशी निगडित आहे, तिलाच तो विचारण्याची रीत आपल्याकडे नव्हती. नवऱ्याची इच्छा, सासूचा हट्ट, मुलगाच हवा हा हव्यास आणि ‘देवाने दिले’ ही समजूत, या चौघांनी मिळून त्याचा निकाल परस्पर लावावा, असा शिरस्ता होता. ज्या कुटुंबांनी धम्माचा मार्ग स्वीकारला, त्यांनी यांपैकी चौथा आधार सोडून दिला आहे. उरलेल्या तिघांचा विचार करणेही त्यांना प्राप्त आहे. परंतु घरातील विचार बदलला तरी तेवढ्याने काम भागत नाही. निर्णय घेतलेल्या स्त्रीला त्याचे साधन जवळच्या सरकारी दवाखान्यात, कोणत्याही दिवशी, विनामूल्य आणि सन्मानाने मिळाले नाही, तर तो निर्णय मनातच राहतो. आजच्या लेखाचा विषय ही सोय हा आहे.

ही मागणी आपल्या चळवळीला नवी नाही. दिनांक १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तयार केलेले भाषण त्या दिवशी त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी सभागृहापुढे ठेवले. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी लोकांना पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी त्या ठरावाची मागणी होती. ठराव फेटाळला गेला. त्यापूर्वी १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या ठरावात ‘सोयी’ हा शब्द होता. ‘सक्ती’ हा नव्हता.

स्वतंत्र भारताने हे काम हाती घेतले खरे. भोर समितीने १९४६ च्या अहवालात ग्रामीण जनतेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली होती. १९५२ साली केंद्रे उभी राहू लागली आणि त्याच वर्षी कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. ही दोन्ही कामे एका छपराखाली एकत्र वाढली असती तर पुढचा पुष्कळसा अनर्थ टळला असता. परंतु १९६६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयात कुटुंबनियोजनाचे स्वतंत्र खाते निघाले, आणि आकडे हीच यशाची मोजपट्टी ठरली. १९७१ साली केरळातील एर्नाकुलम येथील एका शिबिरात ६० हजारांहून अधिक नसबंद्या झाल्या. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. उद्दिष्ट भरण्यासाठी कोणाला धरून आणावयाचे असेल, तर ज्याची दाद कोणी घेणार नाही अशालाच प्रथम धरले जाते. तो गरीब होता, भूमिहीन होता, झोपडपट्टीत राहणारा होता.

त्या जुलमाची आठवण पुरुषांनी ठेवली आणि त्याचा भार मात्र स्त्रियांवर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार प्रजननक्षम वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण शेकडा ०.३ आहे. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची आहे. १९९६ साली केंद्र सरकारने उद्दिष्टांची पद्धत मोडीत काढल्याचे जाहीर केले, तरी शिबिरे चालूच राहिली. जानेवारी २०१२ मध्ये बिहारमधील अररिया जिल्ह्यात एका शाळेच्या इमारतीत अवघ्या दोन तासांत ५३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर डझनभराहून अधिक स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्या कोणत्या थरातील होत्या हे सांगावयास नकोच. श्रीमंताची सून शिबिराच्या रांगेत उभी राहत नाही.

अररियाच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या देविका बिस्वास यांच्या याचिकेचा निकाल १४ सप्टेंबर २०१६ रोजी लागला. तो प्रत्येक कुटुंबाने माहीत करून घेण्याजोगा आहे. शिबिरांची पद्धत तीन वर्षांत थांबवावी आणि त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रे बळकट करावीत, असे न्यायालयाने सांगितले. उद्दिष्टे ठरवून देऊ नयेत, संमतीपत्रातील मजकूर व्यक्तीला तिच्या भाषेत समजावून द्यावा आणि मन बदलावयाचे असल्यास विचाराला सुमारे तासाभराची सवड द्यावी, असेही निर्देश त्यात आहेत. म्हणजे शिबिर आणि केंद्र यांतून न्यायालयाने निवड केली आणि ती केंद्राच्या बाजूने केली.

ही निवड योग्य का, ते पहा. शिबिरात एकच वस्तू मिळते, ती म्हणजे कायमची शस्त्रक्रिया. केंद्रात अनेक साधने मिळू शकतात. दोन बाळंतपणांत अंतर हवे असलेल्या तरुण सुनेला कायमची शस्त्रक्रिया काय कामाची? तिला तांबी बसवून घेता येते. दवाखान्यात बाळंत झाल्यास ४८ तासांच्या आतही ती बसवता येते. तीन महिन्यांनी एकदा घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आली आहेत. निरोध व रोजच्या गोळ्या आहेतच. यांपैकी कोणते साधन कोणाला सोसेल, हे तिचे रक्त, तिचा रक्तदाब, तिची मागील बाळंतपणे माहीत असलेली आरोग्यसेविका आणि डॉक्टरच सांगू शकतात. त्रास झाला तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच जाता येते. शिबिर तर संध्याकाळी उठून गेलेले असते.

दुसरेही एक कारण आहे. बाळाच्या लसीसाठी, तापाच्या गोळीसाठी, गरोदरपणाच्या तपासणीसाठी स्त्री ज्या दारातून आत जाते, त्याच दारात हा सल्ला मिळाला, तर ती कशासाठी गेली होती हे गावाला कळत नाही. ज्या घरात सासूची परवानगी मिळणे कठीण, तेथे या गुप्ततेचे मोल फार मोठे आहे.

लोकसंख्येचा बागुलबुवा दाखवून गरिबांकडे बोट करणाऱ्यांनाही उत्तर द्यावयास हवे. वर उल्लेखिलेल्या पाहणीत देशाचा एकूण जननदर २.० इतका आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या २.१ पेक्षाही तो कमी आहे. तेव्हा आता धाकदपटशाला निमित्तसुद्धा उरलेले नाही. उरली आहे ती स्त्रीच्या आरोग्याची आणि अधिकाराची बाब.

हा अधिकार कायद्याने आपला आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे संविधानाचा ४७ वा अनुच्छेद सांगतो. अपत्यास जन्म द्यावा की नाही ही निवड २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात मोडते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सुचिता श्रीवास्तव प्रकरणात म्हटले आहे. शस्त्रक्रियेसाठी स्त्रीची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही सरकारी नियमांप्रमाणे आवश्यक नाही. शस्त्रक्रिया फसली किंवा जीवावर बेतली, तर भरपाईची सरकारी योजना आहे. म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवावा आणि मागणी विलंब न लावता करावी. सपाटीच्या प्रदेशात ५ हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि ३० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे ३ हजारांमागे व २० हजारांमागे, असा दंडक आहे. उपकेंद्र गावात असूनही आरोग्यसेविका आपल्या वस्तीकडे फिरकत नसेल, तर ती केवळ कामातील कुचराई समजून गप्प बसू नये. लेखी तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यावी आणि तिची पोच घ्यावी. अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे किंवा आत भेदभाव करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ५ अन्वये गुन्हा आहे, हेही विसरू नये.

आता दोन शब्द पुरुष वाचकांना. दोन मुले झाल्यावर ‘तिचेच ऑपरेशन करून टाकू’ हे वाक्य सुशिक्षित घरांतही सहज उच्चारले जाते. तिने गर्भ वाहिला, बाळंतपण सोसले, आणि कापून घेण्याची पाळीही तिचीच, याला समता म्हणत नाहीत. आणीबाणीतील सक्ती निंद्य होती. परंतु तिचे निमित्त करून पन्नास वर्षे जबाबदारी टाळणे हेही समर्थनीय नाही. नसबंदीने पुरुषत्व जात नाही, कष्टाचे काम करण्याची शक्ती जात नाही. फक्त शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यावी, एवढीच दक्षता लागते.

यास्तव आमचे वाचकांना सांगणे एवढेच की, येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारा. आपल्या केंद्रात कोणकोणती साधने रोज मिळतात? तांबी बसविणारी प्रशिक्षित आरोग्यसेविका तेथे आहे काय? शस्त्रक्रियेसाठी अजूनही शिबिराची वाट पाहावी लागते काय? उत्तरे कार्यवृत्तात नोंदवून घ्या आणि नक्कल मागा. हे प्रश्न विचारण्यासाठी स्त्रियांना पुढे बसवा, आणि त्या बोलत असताना पुरुषांनी त्यांच्यामागे उभे राहावे.