आवाज झाला, आता मजकूर द्या

मजकूर वाचून दाखवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या दोन मराठी आवाजांची नावं आरोही आणि मनोहर. दोघंही स्वल्पविरामाला थांबतात, प्रश्न आला की सूर वर नेतात, आणि शेजारी कोणी बसून वाचतंय असं वाटायला लागतं. काचबिंदूने माझी नजर गेल्यापासून मी कादंबरी मनोहरकडूनच ऐकतो. तासभर ऐकायचं तर आवाज माणसाचा हवा, यात वादच नाही. वाद आहे तो पुढच्या समजुतीशी. आवाज आला म्हणजे अंधांच्या वाचनाचा प्रश्न मिटला, असं हल्ली चांगली शिकलेली माणसं मला सांगतात.

आवाज कशासाठी असतो, हे मी नोकरीत शिकलो. ती नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात झाली. २१० मेगावॉटचे तीन संच, १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये मी रात्रपाळ्या काढल्या. तिथे कान तयार होतो. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या टर्बाइनची घरघर ऑपरेटरला ऐकूसुद्धा येत नाही, पण तिच्यात किंचित फरक पडला की तो खुर्चीतून उठतो. अलार्मचा हूटर तर कर्कशच असतो. तो गोड करा, अशी मागणी आमच्या युनियनने कधी केली नाही, आणि मागण्या करण्यात आमची युनियन मागे नव्हती.

संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मला शिकवला नाशिकरोडच्या एका तरुणाने. तो जन्मांध, बँकेत नोकरीला. वापरतो एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. त्यातला ई-स्पीकचा मराठी आवाज ठार यांत्रिक, आणि हा पठ्ठ्या तो इतक्या वेगाने सोडतो की मला अक्षर कळत नाही. मी आवाजाबद्दल कुरकुर केली तेव्हा म्हणाला, ‘‘काका, त्याच्याशी सोयरीक जुळवायचीय का? वाचायचंय ना?’’ त्याचं बरोबर होतं. ई-स्पीकचा आवाज माणसाच्या रेकॉर्डिंगपेक्षा मुख्यतः गणिताने घडवलेला आहे. म्हणून खूप पळवला तरी सरावलेल्या कानाला अक्षरं सहसा एकमेकांत मिसळल्यासारखी वाटत नाहीत. शिवाय त्याला इंटरनेट लागत नाही. माझ्याकडचा मनोहर नेट गेलं की गप्प.

खरी अडचण या दोन्ही आवाजांच्या अलीकडे आहे. पेन्शनीसंबंधीचं एक परिपत्रक मला पीडीएफमध्ये आलं. कुणीतरी छापील कागद तिरका ठेवून स्कॅन केलेला. म्हणजे संगणकाच्या लेखी तो फोटो. त्यात वाचण्यासारखं अक्षर एकही नाही. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, मजकूर काढला, तर ‘घ’चा ‘ध’ झालेला आणि तक्त्याचे रकाने एकमेकांत घुसलेले. ई-स्पीकने ते वाचलं तेव्हा गडबड लगेच कानाला टोचली. मनोहरने तेच आकडे इतक्या शांतपणे, इतक्या समजूतदार सुरात वाचले की पहिल्यांदा मी मान डोलावली. माणसासारख्या आवाजाचा हा धोका कोणी बोलून दाखवत नाही. आपण सुरावर विश्वास ठेवतो, आणि सूर नेहमी खात्रीचाच असतो.

जुन्या फॉन्टची कथा याहून वाईट. प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला सांकेतांक देणारं युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाईत जे फॉन्ट रुळले, त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये असतं एखादं रोमन अक्षर नाहीतर भलतंच चिन्ह. डोळ्याला मराठी, यंत्राला अगम्य. तशा फाइलीतली कविता उत्तमातला उत्तम आवाजही पासवर्ड सांगितल्यासारखी वाचतो. आणि वर्तमानपत्रांनी राग मानू नये, पण अनेक मराठी दैनिकांचा ई-पेपर म्हणजे पानांची चित्रंच असतात.

कायद्याकडे बोट दाखवायची सोय नाही. अंधांसाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत करायला २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात मोकळीक दिली. त्याच कामासाठी झालेल्या २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यांत आधी मान्यता देणारा देश भारत. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. पण प्रत करायची म्हणजे अजूनही बहुतेक वेळा छापील पुस्तक आणायचं, पान पान स्कॅन करायचं आणि कोणा स्वयंसेवकाने डोळे फोडून मुद्रितशोधन करायचं. ज्या पुस्तकाची तयार फाइल प्रकाशकाच्या संगणकात पडून आहे, त्याचं!

आवाज बनवणाऱ्यांनाही काम उरलं आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया की पाण्याचा जग, आणि त्याप्रमाणे ‘ज’ कसा उच्चारायचा, हे मराठी लिपी सांगत नाही. ते वाक्यावरून ओळखावं लागतं. गोडव्यावरची मेहनत थोडी कमी करून तिकडे वळवली तर मी तक्रार करणार नाही.

प्रकाशकांकडे माझं मागणं एवढंच: पुस्तक छापायला जाताना त्याची युनिकोड फाइल जपून ठेवा, आणि अंधांसाठी प्रती करणाऱ्या संस्थेने मागितली तर त्याच आठवड्यात द्या. कार्यालयांनी परिपत्रक टाइप केलेलं असतं, तर त्याचा फोटो काढून पाठवू नये. टाइप केलेलीच फाइल पाठवावी. आणि पाठवण्याआधी एनव्हीडीए लावून एकदा ऐकावी, तीही ई-स्पीकच्या आवाजात. मनोहरच्या नको.